पुस्तकांना ऊन दाखवायचे दिवस

पाऊस सरला की नाशकात पुन्हा एकदा उन्हाळा येतो. हल्ली त्याला ऑक्टोबर हीट म्हणतात, आम्ही दसऱ्याचं ऊन म्हणायचो. आज नातीने घरातल्या सगळ्या गोधड्या गच्चीत नेऊन टाकल्या. चार महिन्यांची ओल त्यांच्यातून निघायला लागली तसा तो कोंदट वास जिन्यातून खाली आला, आणि मेथी निवडता निवडता माझे हात थांबले. दुसऱ्या कुणाला तो वास गोधड्यांचा वाटेल. मला पुस्तकांचा वाटतो.

मी शिकलेली नाही. बोट ठेवून अरबी अक्षरं ओढता येतात, मराठी दुकानाच्या पाट्यांपुरती. हे सगळं मी बोलतेय आणि नात लिहून घेतेय. मधेच विचारते, "नानी, हे जरा चांगल्या शब्दांत लिहू का?" मी म्हणते, "बोलते तसंच लिही. मीठमसाला नको."

आमचे अब्बा जिल्दसाज होते. म्हणजे पुस्तकं शिवून त्यांना पुठ्ठा चढवणारे. जुन्या नाशकात एक लहानसा दर्गा, दर्ग्याच्या अंगणाला लागून एक खोली, आणि खोलीत कपाटं भरून हातानं लिहिलेली पुस्तकं. अरबी, फारसी. कुण्या जुन्या मौलवीने दर्ग्याला वाहिलेली. विकायची नाहीत, बाहेर द्यायची नाहीत, फक्त सांभाळायची. आधी आजोबांनी सांभाळली, मग अब्बांनी. त्याबदल्यात शेजारची कोठडी आम्हाला राहायला. आमचं घर ते एवढंच.

दर साली पाऊस गेला की पुस्तकांना ऊन दाखवायचं. अंगणात सतरंज्या अंथरायच्या आणि पुस्तकं अर्धी उघडून उभी करायची, जत्रेतल्या राहुट्यांसारखी. नाही तर ओलीने पानं एकमेकांना चिकटतात, आणि कसर लागते. कसर म्हणजे तो चांदीसारखा चकाकणारा बारका किडा, कागद खातो, त्याहून आवडीने शिवणीचा दोरा खातो. ऊन दाखवून झालं की पानापानांत वाळलेला कडुनिंब घालायचा. वारा सुटला की सगळी पुस्तकं एकदम फडफडायची. शेळ्यांवर लक्ष ठेवायचं काम लहानपणापासून माझं. अब्बा म्हणायचे, "जुबी, डोळा लागू देऊ नको. शेळी एका घासात अख्खं व्याकरण खाऊन जाईल, आणि तरी तिला बोलता येणार नाही."

बऱ्याच पुस्तकांच्या पहिल्या पानावर कोपऱ्यात एक नाव लिहिलेलं असायचं. या कबीकज. अब्बा सांगायचे, हा किड्यांचा बादशहा. त्याचं नाव दिसलं की कसर पान सोडून पळते.

"आणि ज्या कसरीला वाचता येत नाही ती?" मी विचारलं होतं.

"ती तुझ्यासारखी. तिच्यासाठी कडुनिंब."

त्या ओळीवर मी अजून हसते. एका वर्षी मात्र हसायला फार काही नव्हतं. छत्तीस-सदतीस साल असावं. माझा नवरा नाशिक रोड स्टेशनावर टांगा हाकायचा, तो आदल्या थंडीत तापाने गेला. सासरी जागा उरली नाही. कडेवर मुलगी घेऊन मी अब्बांच्या कोठडीत परत आले आणि विड्या वळायला लागले. रडायला वेळ नव्हता, विडीला दोन्ही हात लागतात. आणि त्याच पावसाळ्यात अब्बांचे हात थरथरायला लागले. जो माणूस सुईत दोरा न बघता ओवायचा, त्याच्या हातातून चहाची बशी सुटायची. पावसाचे चारही महिने ते बाजेवर पडून राहिले. पुस्तकांच्या खोलीत अम्मा नुसती झाडू मारून यायची.

पाऊस उघडला, आणि अब्बांशिवाय मी अन् अम्माने पुस्तकं बाहेर काढली, त्याच आठवड्यात अरबी साहेब आला.

नाव त्याचं आम्हाला कधी नीट घेता आलं नाही. मुलूख हॉलंड. उंच, लाल मानेचा, डोक्यावर फुगीर टोपी. अरबी तो आमच्या मौलवींपेक्षा भरभर वाचायचा. उर्दू बोलायचा तीही पुस्तकातली, जुनी, अदबीची. अम्माला "मोहतरमा" म्हणायचा तेव्हा अम्मा मागे वळून बघायची, कुणाला म्हणतोय म्हणून. दर्ग्याचा कारभार बघणारे मुतवल्ली चाचा त्याला घेऊन अंगणात आले. त्याने पहिलंच पुस्तक उचललं, कोपऱ्यातलं कबीकजचं नाव वाचलं आणि असा हसला की डोळ्यांना पाणी आलं. म्हणाला, आमच्या गावच्या पुस्तकांवर पण हेच नाव आहे.

"तिकडची कसर घाबरते का त्याला?" अम्माने आडोशातून विचारलं.

"नाही मोहतरमा. आमच्या कसरीला अरबी येत नाही. ती खाते."

मग तो रोज यायला लागला. तरटावर बसायचा, गुडघे त्याला धड मोडता यायचे नाहीत. त्याच्या तोंडून आम्ही ऐकलं की समुद्रापलीकडे असे लोक आहेत, जे अरबी भाषेपायी सगळा जन्म घालवतात. मुसलमान नाहीत, अरब नाहीत, तरी. आधी म्हणे ते हकिमी आणि ताऱ्यांचं ज्ञान मिळवायला शिकले. मग आमच्या धर्माशी भांडायला. मग राज्य करायला. आणि काही नुसतेच, वेड लागल्यासारखे. त्याच्या गुरूच्या गुरूने शब्दांचा मोठा कोश करायला घेतला होता. डोळे गेले तरी थांबला नाही. बायको वाचून दाखवायची, तो ऐकून दुरुस्त करायचा. कोश संपायच्या आधी तो संपला.

"मग पुस्तकावर बायकोचं नाव घातलं का?" अम्माने विचारलं.

साहेब टोपीची कड चाचपत म्हणाला, "नाही."

"हं," अम्मा म्हणाली, आणि चुलीकडे वळली.

मला त्या सगळ्याचं नवल वाटायचं. आम्ही लहानपणी कुराण डोलत डोलत वाचायचो, अर्थ कुणी सांगायचा नाही, आम्हीही विचारायचो नाही. ते बोलणं वरून आलेलं, ते तोंडातून गेलं तरी पुण्य. आणि हा माणूस एकेका शब्दाला कांद्यासारखा सोलत बसायचा. मुतवल्ली चाचा मला म्हणाले, "ह्या लोकांच्या गोड बोलण्यावर जाऊ नको. पुस्तकं बघायला येतात आणि पेट्या भरून नेतात." खोटं नव्हतं ते. किती ठिकाणची पुस्तकं अशी गेली, आज कुठे कुठे काचेत बसली आहेत म्हणतात. पण हा साहेब तसा दिसत नव्हता. निदान अम्माला दिसत नव्हता, आणि अम्मा माणूस ओळखायची.

तो आला होता एका पुस्तकासाठी. जुनं अरबी पुस्तक, सगळे पाण्याचे शब्द. पावसाचे, ओढ्यांचे, डबक्यांचे, तहानेचे. जगात त्याच्या मोजक्याच प्रती, आणि बाकी एकातही विहिरीचा भाग नाही. कधी काळी कुणी गोरा अंमलदार आमच्या दर्ग्यात येऊन गेला होता. विहिरीची पानं नाशकात आहेत, हे त्याने मायदेशी सांगितलं. ते एका गुरूने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने ह्याला. त्या सांगण्यावर हा बोटीत बसून आला.

पुस्तक निघालं. साहेबाने हात धुतले, रुमालाने पुसले, हळूहळू पानं उलटली. तहान संपली आणि एकदम समुद्र सुरू झाला. मधे विहीर नव्हती. शिवणीत नुसता खाल्लेला दोरा लोंबत होता.

साहेबाने पुस्तक मिटलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवून बसून राहिला. बोलले ते मुतवल्ली चाचा. दुसऱ्या दिवशी जुम्मा होता. नमाज झाल्यावर दर्ग्याच्या पायऱ्यांवर उभं राहून, सगळ्या मोहल्ल्यासमोर ते बोलले, की जिल्दसाजाने पानं मुंबईच्या दलालाला विकली. घरात विधवा लेक येऊन बसली, भागत नसेल, म्हणून विकली. पुढच्या जुम्म्याच्या आत कोठडी रिकामी करा.

मी कोठडीच्या दारातून ऐकलं. अब्बांनी बाजेवरून ऐकलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि त्या दिवसापासून भाकरी खाल्ली नाही. नवरा गेला तेव्हा मी समजले होते की यापेक्षा वाईट काही नसतं. पण मेलेल्या माणसाला लोक निदान नावं ठेवत नाहीत. अब्बा चोर म्हणून त्या कोठडीतून बाहेर पडले असते तर उंबरा ओलांडायच्या आतच मेले असते.

अम्मानेच मग हळूच विचारलं, "जुबी, ती पानं कपाटाखाली पडली असतील का गं?"

"पडली असती तर तू झाडताना उचलली असतीस."

"उचललीच ना. पावसाळाभर उचलली. थैलीत टाकली."

आमच्यात अरबी अक्षराचा कागद फेकत नाहीत. फाटका असो, कसर लागलेला असो, पायाखाली येऊ देत नाहीत. एका थैलीत जमवायचा आणि साल संपलं की वाहत्या पाण्यात सोडायचा. त्याला कागद थंड करणं म्हणतात. अम्माला वाचता यायचं नाही. तिला सगळं अरबी सारखंच पाक, पवित्र. दुवा असो, घोड्याच्या औषधाची कृती असो, नाही तर विहिरीचे शब्द असोत.

"मग थैली कुठे आहे?"

अम्माने रिकाम्या खुंटीकडे बोट दाखवलं. अब्बा आजारी, म्हणून ह्या वर्षी ती थैली तिने गंगूमावशीला दिली होती. गंगूमावशी माळीण. गंगेपलीकडे, गोदावरीच्या त्या काठाला, तिचा मळा, दर्ग्याला रोज तिचीच फुलं यायची. तिच्या मळ्याखाली नदीला खोल डोह. "तेवढी पाण्यात सोड गं बाई," असं सांगून थैली देऊन बरेच दिवस झाले होते.

"म्हणजे चोर मीच," अम्मा म्हणाली. तेवढंच. मग तिने अब्बांच्या पायांना तेल लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्यावर झेंडूची पाटी घेऊन गंगूमावशी आली. दसरा तोंडावर आलेला, सगळं नाशिक पिवळंधमक झालं होतं. मी तिचा हातच धरला. "मावशी, थैली सोडलीस का पाण्यात?"

ती ओशाळली. "आता रागावू नगं, जुबे. नाय सोडली."

"काय?"

"तू आईला सांगू नगंस. अगं, तुमची देवाची कागदं, आन् तवा चालले होते पित्रांचे दिवस. कावळ्यान्ला घास घालायच्या दिवसांत कुणी देवाचं कागद बुडवतंय व्हय? मी म्हनलं, घट बसू दे, चांगला दिस बघून सोडू. खोपीत आढ्याला टांगून ठिवलीय. उंदीर नाय लागला, शप्पत!"

अम्मा आतून आली. तिने गंगूमावशीला असं कवटाळलं की पाटीतला झेंडू सगळा अंगणात सांडला. गंगूमावशी आपली म्हणतेय, "बुडवते ना, आज बुडवते, रडताय कशापायी!"

साहेब त्याच वेळी निरोप घ्यायला दारात आला होता. मी त्याला म्हटलं, चला. पदर डोक्यावर घेतला, मुलीला अम्माकडे टाकलं आणि निघाले. विधवा बाई भर बाजारातून गोऱ्या साहेबाच्या पुढे चालली आहे, लोक बघताहेत, बघू देत. माझ्या मागे साहेब, साहेबाच्या मागे रिकामी पाटी घेऊन गंगूमावशी. "अरे हळू चाला, मला धाप लागली," ती ओरडतेय. आम्ही कुठे थांबतोय! पूल ओलांडला, पंचवटीच्या मागे मळ्यांची वाट धरली. दोन्ही बाजूंना झेंडू, मधमाश्यांचा नुसता गुंजारव.

खोपीच्या आढ्याला लसणाच्या जुड्यांशेजारी थैली टांगली होती. घोंगडीवर ओतली. कसर लागलेले, कोपरे गेलेले, भाजक्या पापडासारखे कागद. साहेब गुडघ्यांवर बसला. तो वाचून शोधत होता, मी शिवणीची भोकं बघून. अब्बा भोकं पाडायचे ती दोन दोनच्या जोडीने, तशी दुसरं कुणी पाडत नव्हतं. आम्ही दोघांनी एकाच पानाला हात घातला.

त्याने पहिली ओळ वाचली आणि तीच पुन्हा मोठ्याने वाचली.

नेमकी तेव्हाच बाहेर मावशीच्या मालकाने बैल हाकले. मोट करकरत वर आली, चाकावरून दोर ओढला गेला, आणि कातडी पोटातलं पाणी धाडकन थारोळ्यात पडलं. साहेब कागद छातीशी धरून बाहेर धावला. बैल उतारावरून खाली गेले, उलट्या पावलांनी वर आले. साहेब रडत रडत बोट दाखवून ओरडायला लागला. "ग़र्ब! रिशा! बक्रा!" मोट, दोर, चाक. सगळे शब्द त्याला येत होते. त्याच्या मुलखात पाणी बाहेर काढून टाकायची पंचाईत, विहिरीतून ओढायची नाही. आयुष्यभर शब्द सांभाळले आणि ती वस्तू तो आज पहिल्यांदा बघत होता.

"काय म्हनतोय गं ह्यो?" मावशीने विचारलं.

"मोटेला मोट म्हणतोय."

"मंग त्यात रडायचं काय?"

मावशीने त्याला ओंजळ करायला लावली आणि मोटेचं पाणी पाजलं. तो प्यायला. शर्ट, टोपी सगळं भिजलं, कागद मात्र त्याने मला आधीच देऊन ठेवले होते.

परत येताना पानं मावशीच्या धुवट फडक्यात बांधलेली, फडकं पाटीत, पाटी मावशीच्या डोक्यावर, आणि वर झाकायला ताजा झेंडू. दर्ग्याच्या अंगणात पोचेपर्यंत मोहल्ला गोळा झाला होता. मुतवल्ली चाचांनी पानं बघितली. शिवणीला लावून बघितली. मग खाली बघत म्हणाले, "ठीक आहे. कोठडी सोडायची गरज नाही."

ते वळले तोच अम्मा आडोशातून बाहेर आली. मी जन्मात तिला परक्या पुरुषासमोर अशी उभी राहिलेली बघितली नव्हती.

"भाईजान, चोर तुम्ही पायऱ्यांवर म्हणालात. हे अंगणात बोलताय."

"म्हणजे?"

"जिथे बोललात तिथे बोला. जुम्म्याला."

अब्बांनी तोवर चार घास खाल्ले होते. जुम्म्याला चौघांनी त्यांना बाजेसकट पायऱ्यांपाशी आणलं. मुतवल्ली चाचा काही वाईट माणूस नव्हते, खरं सांगायचं तर त्यांच्यापेक्षा वाईट मी पुढे पुष्कळ बघितले. नमाज झाली आणि ते त्याच पायरीवर उभे राहिले. म्हणाले, "ह्या घराने कागदाचा तुकडाही वाया जाऊ दिला नाही. मी चोर म्हणालो. मी चुकलो." आवाज बारीक होता, पण शेवटच्या माणसापर्यंत गेला. गंगूमावशी रस्त्यापलीकडून ओरडली, "मोठ्यानं बोला की, इकडं ऐकू नाय आलं!" सगळे हसले, चाचाही हसले, आणि त्यांनी पुन्हा सांगितलं. मोठ्याने.

साहेबाने उन्हात एकेका पानाचा फोटो काढला. पुस्तक मागितलं नाही. त्यासाठी आरसे आणि पांढऱ्या चादरी लावल्या, उजेडाची एवढी आरास आमच्या अंगणात लग्नातही झाली नव्हती. मग प्रश्न आला, पानं परत शिवायची कुणी. अब्बांचे हात थरथरत होते. चाचा म्हणाले, मुंबईहून कारागीर बोलावू.

"जुबी शिवेल," अब्बा म्हणाले.

"बाईमाणूस?"

"गोधड्या कोण शिवतं तुमच्या घरी?"

मी आंघोळ केली, हात धुतले आणि अंगणात सगळ्यांसमोर बसले. दोऱ्याला मेण लावलं. जुन्या भोकांतूनच सुई घातली, नवीन एकही पाडलं नाही. लोक बघत होते, साहेब बघत होता, मुलगी माझ्या पाठीला टेकून झोपली होती. ऊन मानेवर चटके देत होतं. मी घाई केली नाही. शेवटची गाठ दिली, पुस्तक मिटलं आणि अब्बांच्या बाजेवर नेऊन ठेवलं.

शिवण पक्की झाली का हे बघायची अब्बांची एकच रीत होती. त्यांनी पुस्तक उघडलं. विहिरीची पानं चिमटीत धरली आणि, त्या थरथरत्या हाताने, तेवढ्या पानांवर अख्खं पुस्तक वर उचललं.

साहेबाने डोळे मिटून घेतले. चाचांच्या तोंडून "या अल्लाह" निघालं. पुस्तक हवेत लोंबत होतं, अब्बांच्या हाताबरोबर हलत होतं.

एकही पान सुटलं नाही.